रेघेपलीकडची मुलं

"चार वर्षांची पोरं गेली कुठे सगळी?" मी विचारलं.

आगगाडी समोरच्या खुर्चीत शेंगा फोडत बसली होती. तिने टरफलं कागदावर नीट गोळा केली आणि मगच वर पाहिलं. "कोणाची पोरं, बाई?"

"पूर्व भागातली. तुम्ही पाचजणींनी मोजून आणलेली. ऐक. दोन वर्षांची शहाण्णव. तीन वर्षांची एकशे एक. चार वर्षांची सदतीस. आणि पाच वर्षांची एकशे एकोणसाठ."

"असेल की. एखाद्या वर्षी जास्त होतात, एखाद्या वर्षी कमी."

"म्हणजे बायकांनी ठरवलं होतं वाटतं? यंदा सगळ्यांनी उरकून घेऊ, पुढच्या वर्षी सुट्टी!"

ती हसली, पण शेंग फोडायची थांबली. त्यावरून मला काय ते कळलं.

आगगाडी हे नाव मीच तिला दिलं होतं. एक प्रश्न संपायच्या आत दुसरा सुरू, मध्ये स्टेशनच नाही. मलाही एक नाव आहे. ते या मुलींनी ठेवलेलं आहे आणि मला ते माहीत नाही अशी त्यांची समजूत आहे. दीडबाई. एका बाईला दीड मूल कसं होतं ते मी दर प्रशिक्षणात फळ्यावर समजावून सांगते, म्हणून.

गेली एकतीस वर्षं माझं काम हेच. आधी स्वतः घरोघरी जाऊन बायकांना मुलं किती, कधी झाली, किती राहिली हे विचारत होते. आता मुलींना पाठवते आणि त्यांनी भरून आणलेले कागद तपासते. त्या कागदांवरून आमचं कार्यालय एक आकडा काढतं. एकूण जननदर. नाव भारदस्त आहे, गोष्ट साधी आहे. एक कागदावरची बाई घ्यायची. ती पंधराव्या वर्षी सुरू होते आणि पन्नाशीला संपते. विशीतल्या बायकांना सध्या ज्या प्रमाणात मुलं होताहेत, त्या प्रमाणात तिला विशीत द्यायची, तिशीतल्यांच्या प्रमाणात तिशीत द्यायची आणि शेवटी बेरीज करायची. ही बाई आजारी पडत नाही, मधेच मरत नाही, तिचा नवरा तिला टाकून जात नाही. कुठे तिला पाऊण मूल होतं, कुठे पावणेदोन, कुठे सहाच्याही वर. नव्या मुलींपैकी एक तरी दर वर्षी विचारते, "बाई, अर्धं मूल कोणतं, वरचं की खालचं?" मी हसते, कारण पहिल्या दिवशी मीही हेच विचारलं होतं.

तर या प्रश्नावलीत एक रेघ असते. मूल गेल्या पाच वर्षांत जन्मलेलं असेल, तर त्याच्याबद्दल आणखी त्रेचाळीस प्रश्न विचारायचे. पोटात असताना तपासणी झाली का, वजन किती भरलं, पहिल्या तासात पाजलं का, लस कोणती टोचली, ताप किती दिवस होता. मूल गेलेलं असलं तरी विचारायचे. पाच वर्षांच्या आधीचं असेल तर मात्र काही नाही, पान उलटायचं आणि पुढे जायचं. आता दिवसाला बारा घरं करायची आहेत, उन्हाने डोकं तापलंय, समोरच्या बाईचं दूध उतू चाललंय. मूल चार वर्षं दहा महिन्यांचं निघतं. महिना जरासा इकडचा तिकडे केला की ते पाच वर्षं एक महिन्याचं होतं आणि त्रेचाळीस प्रश्न वाचतात. कोणाच्या बापाचं काही जात नाही, असं वाटतं.

जातं. आकडा काढतात तो फक्त रेघेच्या अलीकडच्या जन्मांवरून. पलीकडे ढकललेलं मूल त्या बेरजेत येतच नाही, मग ते अंगणात कितीही का धुडगूस घालेना.

"किती ढकललीस?" मी विचारलं.

"मी एकटीने नाही हो, बाई."

"बाकीच्यांना विचारीन मी. तू किती?"

तिने शेंगांची पुडी बंद केली. "वीस. बावीस असतील."

पूर्व भागाचा आकडा एक पूर्णांक सात आला होता. आमच्या साहेबांच्या टेबलावर त्यावरून केलेली फाइल तयार होती. जिथे आकडा पावणेदोनच्या खाली गेलाय, तिथल्या छोट्या दवाखान्यांतला बाळंतपणाचा कक्ष बंद करायचा आणि बायकांनी मोठ्या रुग्णालयात जायचं. पूर्व भागातून मोठं रुग्णालय बसने दोन तासांवर आहे, तेही बस वेळेवर आली तर. अहवाल सोमवारी वर जायचा होता. माझ्या निवृत्तीला पंधरा दिवस उरले होते.

"उद्या सकाळी माझ्याबरोबर चल," मी म्हटलं. "आणि ते बावीस कागद घे."

पहिल्या घरी दार उघडलं तेच मुळी त्या बावीसांपैकी एकीने. केस विंचरायचे राहिलेले, हातात एक बूट.

"तुझी आई आहे का घरात?"

"आहे. भांडी घासतेय. तुम्ही कोण?"

"आम्ही मुलं मोजतो. तू किती वर्षांची?"

"चार. अजून तीन महिने मला पाच होता येणार नाही," ती म्हणाली. हे तिला कोणीतरी वारंवार बजावलेलं दिसत होतं.

"या कागदावर तर तू पाच वर्षं दोन महिन्यांची आहेस."

तिने बूट खाली ठेवला आणि कागद निरखून पाहिला. "मग मला दादाच्या शाळेत घाला."

तिची आई हात पुसत बाहेर आली. तिने तारीख सांगितली आणि मी ती लिहून घेतली. आगगाडीने त्रेचाळीस प्रश्न विचारले, दर तीन प्रश्नांनंतर माझ्याकडे बघत. पंचवीस मिनिटं लागली. निघताना मुलीने विचारलं, "मग झाले का मी पाच?" मी म्हटलं, "नाही बाळ, पुन्हा चारची केली तुला." तिने आमच्या तोंडावर दार लावून घेतलं.

अशी सात घरं झाली. दुपारी आम्ही एका गल्लीच्या टोकाशी आलो. तिथल्या ओट्यावर एक बाई शिवणयंत्रावर बसली होती. बाजूला शाळेच्या गणवेशांचा ढीग होता, सगळे एकाच रंगाचे. आगगाडी दहा पावलं अलीकडेच थांबली.

"बाई, इथे नको."

"का?"

"हिचं मूल गेलेलं आहे." ती पहिल्यांदाच सावकाश बोलत होती. "बाकीच्या ठिकाणी मी आळस केला, खोटं नाही बोलत. इथे आळस नव्हता. तिने तारीख सांगितली आणि गप्प झाली. पुढचा प्रश्न काय होता माहितीय ना तुम्हाला? पहिल्या तासात पाजलं का. मला विचारवेना. मी वर्ष खोडलं आणि एक वर्ष मागे घेतलं. तिला त्रास नको म्हणून, बाई."

तिला रागवायला तोंड उघडलं असतं तर माझंच मला ऐकू आलं असतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी मीही अशाच एका दारात बसले होते, गुडघ्यावर हेच पान घेऊन. समोरच्या बाईचं मूल तीन आठवड्यांचं होऊन गेलं होतं. मी पेन धरून बसून राहिले. संध्याकाळी आमच्या तेव्हाच्या मोठ्या बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "ढकल रेघेपलीकडे, सुटशील." मी ढकललं. नंतर पुन्हा कधी तसं केलं नाही, पण मीच मोठी बाई झाले तेव्हा एक गोष्ट करत राहिले. प्रशिक्षणात सगळी पानं मोठ्याने वाचून घ्यायची, आणि या पानाशी आलं की म्हणायचं, "हे तुम्ही घरी वाचून या." इतकी वर्षं एकाही वर्गात मी ते पान उघडलं नाही. न बोलता उलटायचं पान आहे, एवढंच या मुली माझ्याकडून शिकल्या होत्या.

"चल," मी म्हटलं.

शिवणवालीने यंत्र थांबवलं नाही. आम्ही ओट्याच्या पायरीवर बसलो. मी सांगितलं, मागच्या महिन्यात ही मुलगी येऊन गेली, एका तारखेची चूक झाली आहे, ती दुरुस्त करायची आहे.

"कोणती तारीख?"

मी कागदावरची वाचून दाखवली. यंत्र थांबलं.

"हे वर्ष मी सांगितलंच नाही," ती म्हणाली. "मी तारीख सांगितली होती, महिना सांगितला होता, वर्ष सांगितलं होतं. वारसुद्धा सांगितला होता. मंगळवार. हिने लिहून घेतलं, मी बघत होते."

आगगाडी खाली बघत म्हणाली, "मीच बदललं, ताई. मला वाटलं तुम्हाला पुढचे प्रश्न..."

"तुला वाटलं?" तिचा आवाज चढला नाही, त्यामुळे जास्त लागला. "बावीस दिवस होतं ते. नाव ठेवलं नव्हतं. फोटो नाही. कपडे बहिणीच्या मुलाला दिले. त्याच्याकडे होतं काय दुसरं? एक तारीख होती. तीही तुम्ही बदललीत?"

गणवेशांच्या ढिगावर एक मांजर येऊन बसलं. तिने ते हाताने बाजूला केलं, बाही झटकली आणि खुर्ची आमच्याकडे वळवली.

"काय प्रश्न आहेत? विचारा."

"चाळीसएक आहेत," मी म्हटलं. "नको वाटलं तिथे थांबू."

"विचारा हो. सगळे जण तोंड चुकवतात. तुम्ही तर सरकारी माणसं, तुमचं कामच आहे."

प्रश्न मी विचारले. पहिल्या तासात पाजलं होतं का? हो. नर्सने मदत केली का? हो, चांगली होती, हात ऊबदार होते तिचे. वजन किती? दोन किलो तीनशे. ताप कोणत्या दिवशी आला? एकोणिसाव्या. कुठे नेलं? पहिल्यांदा इथल्याच दवाखान्यात, मग मोठ्या रुग्णालयात. किती वेळ लागला? बस चुकली, साडेतीन तास. ती उत्तरं देत होती तशी आगगाडी लिहीत होती, सावकाश आणि स्वच्छ अक्षरात. चाळीस मिनिटांनी मी म्हटलं, "झालं."

"एवढंच?" तिने विचारलं. मग ती आत जाऊन पाणी प्यायली, बाहेर आली आणि अर्धी राहिलेली कॉलर यंत्राखाली सरकवली.

परतताना बसमध्ये आगगाडी खिडकीशी बसली होती. तासभर तिने एक शब्द काढला नाही. तिच्या तोंडून एक तास शब्द न निघणं ही मोठीच गोष्ट होती.

संध्याकाळी मी घरी आले तेव्हा हे मोरीतल्या नळाखाली डोकं घालून बसले होते. यांनी सगळी नोकरी पाणीपुरवठ्याच्या पंपावर काढली. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, पण घरातला नळ ठिबकला की यांना नोकरीवर परत बोलावल्यासारखा आनंद होतो. मी चपला काढल्या, चहा टाकला आणि मोरीच्या दाराशी पाटावर बसले.

"वार कोणता होता हो?" मी विचारलं.

तारीख मला पाठ होती. वार आठवत नव्हता. दिवसभर बसमध्ये, दारादारात मी आठवून बघत होते आणि तो येत नव्हता. असा प्रश्न कोणी विचारला तर माणूस म्हणेल, कशाचा वार, कुठला वार. आमच्या घरात पहिल्या मुलाबद्दल बत्तीस वर्षांत एक वाक्य बोललं गेलं नव्हतं. तो अकरा दिवस होता. तीन वर्षांनी लेक झाली, तिलाही आम्ही सांगितलं नाही. मुलं किती असं कोणी विचारलं की मी म्हणायचे एक, आणि हेही म्हणायचे एक.

"गुरुवार," हे नळाखालून म्हणाले.

त्यांचा हात थांबला नव्हता. "मी पहिल्या पाळीला होतो. साडेपाचला टाकी सोडली आणि निरोप आला. सायकलला दिवा नव्हता, तसाच आलो." मग जरा वेळाने, "गेला तो सोमवार."

चहा उकळत होता. मी उठले नाही.

"पाना दे," हे म्हणाले. "मोठा."

मी पाना दिला. त्यांनी तो घेतला आणि माझा हातही तसाच धरून ठेवला. त्यांचा हात ओला होता. "आज का विचारलंस?"

"एका बाईला वार आठवत होता. मला नव्हता."

"मला विचारायचंस की इतके दिवस," हे म्हणाले.

रडू आलं मला, आणि मी रडले. चहाही उतू गेला.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या खोलीबाहेर मी तासभर थांबले. तिथल्या भिंतीवर देशांचा तक्ता आहे, वरून खाली. सगळ्यात वर सहाच्या पुढचे देश, सगळ्यात खाली एकाच्या आतले. नव्या माणसाला वाटतं वरच्या बायका अडाणी आणि खालच्या शहाण्या. एकतीस वर्षं दारोदार हिंडल्यावर मला तसं वाटत नाही. वरच्या देशांत मुलीचं लग्न लवकर होतं, शाळा लवकर सुटते, तिचं मत कोणी विचारत नाही, आणि मूल जगेल याचा भरवसा नसतो. भरवसा नसला की बाई एकावर थांबत नाही. खालच्या देशांत मूल जगतं. तिथे बाईला दिवसभर काम असतं, घर दोन खोल्यांचं असतं आणि मूल सांभाळायला माणूस नसतं. दोन्हीकडे बाई आपल्या परीने हिशोबीच वागते. मधल्या देशांना दोन पूर्णांक एकची फार काळजी. एवढा आकडा राहिला तर आईबापांची जागा मुलं भरून काढतात म्हणे.

तळापासून दुसऱ्या देशात आमची लेक राहते. गेल्या महिन्यात फोनवर तिने विचारलं होतं, "आई, तुझ्या तक्त्यात माझा देश किती गं?"

"पाऊण."

"बघ, आणि मी त्यांना तेवढंही देत नाहीये," ती हसत म्हणाली. मग म्हणाली, "तुला वाईट वाटतं का? खरं सांग. तुझं एकच, आणि त्या एकीचं काही नाही."

एकच, असं तीही म्हणाली होती. मी तिला सांगितलं की वाईट वाटत नाही. निम्मं खरं होतं ते. उरलेलं निम्मं सांगायचं तर सुरुवात फार मागून करावी लागली असती.

साहेबांनी मला आत बोलावलं. माणूस वाईट नाही, वयाने माझ्या लेकीएवढा आहे आणि मला अजून 'मॅडम, बसा ना' म्हणतो. मी त्याच्यासमोर चारचे सदतीस आणि पाचचे एकशे एकोणसाठ ठेवले. तो हुशार आहे, त्याला दुसरं काही सांगावं लागलं नाही. त्याने चष्मा काढला.

"सोमवारी अहवाल जायचाय, मॅडम."

"पाच दिवस द्या. एकशे एकोणसाठ घरं आहेत, पाच मुली आहेत. मीही जाते."

"वरच्यांना आकडा आवडलाय. दर खाली आलाय म्हणजे आपण काम केलं, असं ते धरून चाललेत."

"दर खाली आलेला नाही. आम्ही खाली आणलाय, पेनाने."

तो हसला नाही. "मग कोणावर तरी ठपका ठेवावा लागेल. मुलींना काढा म्हणतील."

"माझं नाव लिहा," मी म्हटलं. "त्यांना मी शिकवलं. ते पान मी कधी शिकवलंच नाही. आणि नोकरीच्या पहिल्या वर्षी मीही एक मूल ढकललं होतं, तेही लिहा हवं तर."

"मॅडम, तुमचे पंधरा दिवस राहिलेत. निरोपाच्या भाषणात मी काय बोलू? यांच्या शेवटच्या पाहणीत घोळ झाला, असं?"

"दोन तास बसने जाऊन बाळंत होणाऱ्या बायकांपुढे भाषण करायचं असेल, तर काय बोलाल ते ठरवा. माझं काहीही बोला."

हे मी जरा जोरात बोलले असावे, कारण बाहेरच्या टंकलेखकाने आत डोकावून पाहिलं. शेवटी साहेबाने फाइल उचलून खणात ठेवली. "शुक्रवारपर्यंत," तो म्हणाला.

आम्ही गुरुवारीच संपवलं. पाचही मुलींनी आपापले कागद स्वतः बाहेर काढले, मला कोणाचा कान धरावा लागला नाही. एकसष्ट मुलं रेघेच्या अलीकडे परत आली. त्यांतली पाच गेलेली होती. पूर्व भागाचा आकडा दोनला जरासा कमी भरला. बाळंतपणाच्या कक्षाची फाइल 'सध्या विचार नाही' असा शेरा घेऊन परत आली. 'सध्या' किती दिवसांचं असतं ते सरकारलाच ठाऊक, पण शिवणवालीने सांगितलेल्या त्या ऊबदार हातांच्या नर्सची या वर्षी तरी बदली होणार नव्हती. माझ्या नोंदवहीत 'पर्यवेक्षणात त्रुटी' असं एक वाक्य चढलं. ते मी सही करून घेतलं. अक्षर साहेबाचंच होतं, त्याने ते शक्य तितकं बारीक काढलं होतं.

शेवटच्या दिवशी भाषण झालं, हार झाला, मला भिंतीवरचं घड्याळ मिळालं. सगळे पांगल्यावर मी टेबलाचा खण रिकामा करत होते. आगगाडी दाराशी घुटमळत होती.

"बाई, पुढच्या फेरीला नव्या मुलींना मी शिकवायचंय. साहेब म्हणाले."

"मग?"

"ते पान. तुम्ही एकदा घ्या ना माझ्याकडून करून."

मी घड्याळ बाजूला ठेवलं. "बस. विचार मला."

"तुम्हाला?"

"सरावाला कोणीही चालतं."

"तुमचं वय अठ्ठावन्न, बाई. आपण एकोणपन्नासपर्यंतच्याच बायका घेतो." मग तिच्या लक्षात आलं असावं, कारण तिने मान हलवली आणि कोरी प्रश्नावली काढली. खुर्ची ओढून ती माझ्यासमोर बसली. दारात बसतो तशी, गुडघ्यावर कागद घेऊन.

"तुमच्याजवळ राहणारे मुलगे किती?"

"नाहीत."

"तुमच्याजवळ राहणाऱ्या मुली?"

"नाहीत."

"दुसरीकडे राहणाऱ्या?"

"एक मुलगी."

मग ते पान आलं. तिने ते मोठ्याने वाचलं, शब्द न गिळता. "जन्मल्यावर रडलं, हललं किंवा श्वास घेतला, पण नंतर गेलं, असं एखादं मूल तुम्हाला झालं होतं का?" आणि ती थांबली. तिने पेनाचं टोपण उघडझाक केलं नाही, खिडकीबाहेर पाहिलं नाही, 'नसेलच ना' असं स्वतःच म्हटलं नाही. नुसती थांबली.

मला एकतीस वर्षांत कोणी हे विचारलं नव्हतं. पाहणी करणाऱ्यांच्या घरी पाहणी येत नाही.

"झालं होतं," मी म्हटलं. "एक मुलगा. अकरा दिवस होता."

तिने 'एकूण'च्या चौकटीत दोन लिहिलं.

"जन्मतारीख?"

मी सांगितली. दिवस, महिना, वर्ष. तिने तीन चौकटी भरल्या आणि पेन उचललं नाही.

"वार आठवतो का, बाई?"

वाराला आमच्या कागदावर चौकट नाही. मी म्हटलं, "गुरुवार." तिने समासात, तारखेच्या अगदी शेजारी, छोट्या स्वच्छ अक्षरात 'गुरुवार' लिहिलं.

नियमाप्रमाणे इथे पान उलटायचं होतं. बत्तीस वर्षं झाली होती, रेघेच्या कितीतरी पलीकडे. तिने पान उलटलं नाही.

"पहिल्या तासात पाजलं होतंत का?" तिने विचारलं.

"हो," मी म्हटलं.